साठ पावलांवरची खुर्ची

हॅलोजनचा जुना बल्ब फ्यूजबाईने कापडात धरून बाहेर काढला, दाराच्या उजेडात धरून त्याची तार न्याहाळली आणि विचारलं, "वस्ताद, ह्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

"पिवळा पडलाय तो. म्हातारा झालाय."

"म्हातारे तर तुम्ही-मीही झालोय. आपल्याला कुणी काढून फेकलंय का?"

दुकानात टेकलेले दोघंतिघं हसले. वस्तादही हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं, आत गेलं नाही. बाईचा शब्द भलत्याच जागी लागला होता.

ट्रकच्या अड्ड्यावर त्याला सगळे वस्तादच म्हणत. चौतीस वर्षं तो अवजड गाडी चालवत होता आणि एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली कुत्र्याचं शेपूटसुद्धा आलं नव्हतं. फ्यूजबाईचं नावही अड्ड्यानेच ठेवलेलं. बापामागे तिने गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हातात घेतलं, आणि कुणी कसलीही तक्रार घेऊन आलं तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "फ्यूज बघितला का?" हॉर्न वाजत नाही, फ्यूज बघितला का? वायपर फिरत नाही, फ्यूज बघितला का? एकजण बायको रुसून निघून गेल्याचं रडगाणं गात बसला होता, तर कामाच्या नादात तिने त्यालाही तेच विचारलं म्हणतात. तेव्हापासून ती फ्यूजबाई. तिला ते आवडायचंही.

वस्तादने खिशातून एक खोका काढून टेबलावर ठेवला. आत एलईडीचे दोन बल्ब होते, बुडाला छोटे पंखे असलेले. "हे बसव. पांढराशुभ्र उजेड. अर्ध्या अड्ड्याने बसवलेत."

"बसवते की. पण आधी मोजून बघू."

"मोजायचं काय त्यात? आंधळ्यालाही कळेल कुठला जास्त आहे ते."

हे बोलून गेल्यावर वस्तादची जीभ टाळूला चिकटली. पण बाईचं लक्ष नव्हतं. ती बल्बवरचे खवले, म्हणजे उजेड देणारे पिवळे चौकोन, तपासत होती. वस्तादच्या मागे उभा असलेला जावई मात्र म्हणाला, "मोजू द्या ना, मामा. उद्या संध्याकाळी माल भरून निघायचंय. काय ते आजच नक्की होऊन जाऊ दे."

जावई आणि वस्ताद एकाच गाडीवर होते. सासरा आणि जावई एका केबिनमध्ये म्हटल्यावर अड्ड्यावर थट्टा व्हायचीच. "जेवणाच्या डब्यावरून भांडता का रे?" असं लोक विचारत. भांडणं नव्हती. दिवसा जावई चालवायचा, दिवस मावळला की स्टिअरिंगचं चाक वस्तादकडे आणि जावई मागच्या फळीवर आडवा. ही वाटणी वस्तादनेच केली होती, पाच वर्षांपूर्वी. अंधारातली गाडी जुन्या हाताकडे असावी, असं तो म्हणे. लेकीलाही तेव्हा बरं वाटलं होतं. नवरा बापाच्या पाठीमागे झोपलाय म्हटल्यावर तिला घोर नव्हता.

आणि नेमका हाच विचार आठ दिवसांपासून वस्तादचा पिच्छा सोडत नव्हता.

आठ दिवसांपूर्वी दिवेलागणीनंतर तो भरलेली गाडी घेऊन येत होता. रस्ता तोंडपाठ. कुठे वळण, कुठे पूल, कुठे खड्डा, सगळं हाताला माहीत. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती अलीकडे कापसाचे पुंजके दिसायचे. पण धूळ असते, धूर असतो, कधी काच मळलेली असते. त्याने काच पुसली. तेवढ्यात डाव्या बाजूला कुणीतरी ओरडलं. ओरडणं आधी ऐकू आलं आणि माणूस नंतर दिसला. सायकलवर फळ्या बांधून एकजण काठाकाठाने चालत होता. वस्तादने चाक फिरवलं. फळीचं टोक डाव्या आरशाला घासून गेलं. मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात त्याने आरशात पाहिलं तेव्हा माणूस उभा होता, सायकल उभी होती. म्हणजे काही झालं नव्हतं.

पुढचे दोन तास त्याने गाडी चाळीसच्या वर नेली नाही. पाठीमागे जावई शांत घोरत होता.

सकाळी जावयाने आरशावरचा ओरखडा पाहिला. "हे कधी झालं, मामा?" "नाक्यावर. शेजारच्या गाडीने घासला." इतक्या सहज खोटं निघालं की वस्तादला स्वतःचंच भय वाटलं. त्या दिवसापासून त्याने दिव्यांवर खापर फोडायला सुरुवात केली. घरी, अड्ड्यावर, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "कंपनीचे बल्ब काही कामाचे नाहीत. पिवळे पडतात. पुढचं काही दिसत नाही." आणि सांगता सांगता त्याला ते बरंचसं पटलंही. दिवे बदलले की दिसेल. दिसलंच पाहिजे. कारण दिसलं नाही तर मग दोष कुणाचा, ह्या प्रश्नापाशी त्याचं मन जाऊन उभं राही आणि बिचकून मागे फिरे.

फ्यूजबाईची मोजण्याची रीत सगळ्या अड्ड्याला माहीत होती. तिच्याकडे उजेड मोजायचा एक छोटा मीटर होता, पण एकट्या मीटरवर तिचा भरवसा नव्हता आणि एकट्या डोळ्यावर तर मुळीच नव्हता. ती दोन्ही घेई. गाडीपुढे वीस, चाळीस आणि साठ पावलांवर ती तीन काळपट वस्तू ठेवी. "रस्त्यावर कुणी पांढरा झगा घालून हिंडत नाही," असं तिचं म्हणणं. तिन्ही ठिकाणी मीटर धरून आकडे घ्यायचे आणि मग चालवणाऱ्याला केबिनमध्ये बसवून काय काय दिसतं ते विचारायचं. साठच पावलं का, तर भरलेली गाडी बऱ्या वेगात असताना ब्रेक दाबला की थांबेपर्यंत तेवढं अंतर खाते. साठ पावलांवरचा माणूस दिसला तर तो वाचतो, इतकं ते सरळ होतं.

तिची आणखी एक अट होती. वस्तू मांडताना चालवणाऱ्याने तिथे असायचं नाही.

अड्ड्यामागचं गोदाम जुना माल गेल्याने आणि नवा अजून न आल्याने रिकामं पडलं होतं. लांबलचक, खिडक्या नसलेलं. शटर ओढलं की भरदुपारी आत काळोख. वॉचमनने तासाभरासाठी ते उघडून दिलं. जावयाने गाडी तोंड आत करून घातली, म्हणजे मागचा धूर शटरखालून बाहेर जाईल. शटर हातभर उघडं ठेवायचं ठरलं.

फ्यूजबाई वस्तू काढू लागली. एक काळं पोतं, एक झिजलेला टायर, आणि कोपऱ्यात पडलेली वॉचमनची लाकडी खुर्ची, तिच्यावर टाकायला गोणपाट.

"द्या, मी नेतो खुर्ची," वस्ताद म्हणाला.

बाई घुटमळली. दुसरा कुणी असता तर तिने त्याला हुसकावूनच लावलं असतं. पण वस्ताद तिच्या बापाच्या वेळचा. बाप गेला तेव्हा तिरडीला खांदा देणारा. त्याला 'तुम्ही बाहेर थांबा' म्हणायला तिची जीभ रेटेना. "न्या," ती म्हणाली. "साठ मोजून ठेवा. भिंतीला लावू नका."

वस्ताद पावलं मोजत गेला. साठावर खुर्ची ठेवली, जरा उजवीकडे, पाठ गाडीकडे करून. गोणपाट पाठीवर टाकलं. परत येताना टायर कुठे आहे, पोतं कुठे आहे, हेही त्याने पाहून ठेवलं. मुद्दाम पाहिलं असं नाही. पण पाहिलं. चौतीस वर्षं रस्ता असाच पाठ केला होता त्याने.

मग वस्ताद चाकापाशी बसला, जावई शेजारी. शटर खाली आलं. इंजिन सुरू झालं, दिवे लागले. आधी जुने हॅलोजन, डिपरवर, म्हणजे खाली पाडलेल्या झोतावर. पिवळसर उजेड जमिनीवर लांब पसरला.

फ्यूजबाई मीटर घेऊन निघाली. गोदामात तिचा आवाज सगळीकडून यायचा. "वीसला एकेचाळीस! चाळीसला एकोणीस! साठला नऊ! जावईबापू, लिहिताय ना?"

"लिहितोय, ताई!"

"साठला नऊ म्हणजे चांगला आहे हो! म्हाताऱ्यात दम आहे!"

वस्तादने काच खाली केली आणि ओरडला, "त्या मीटरला काय कळतंय? गाडी मीटर चालवतो का? रस्ता माणूस बघतो!"

"मग माणसाला विचारते! काय दिसतंय?"

"पोतं. टायर अंधुक." टायर दिसत होता की नाही, हे त्याचं त्यालाच नक्की सांगता आलं नसतं. टायर होता तिथे काहीतरी गडद होतं. "पुढे काही नाही. खुर्ची दिसत नाही."

हे मात्र खरं होतं. खरं होतं आणि सोयीचंही होतं. शेजारी जावई जरा हलला. "मामा, मला दिसतेय पुसटशी."

"तुमचे डोळे तरणे आहेत."

फ्यूजबाई परत आली. दिवे बंद झाले. "उतरू नका वस्ताद," ती पुढून म्हणाली. "डोळे अंधाराला लागलेत ते तसेच राहू द्या. दहा मिनिटांत बसवते."

त्या दहा मिनिटांत वस्ताद अंधारात बसून राहिला. पान्याचा आवाज येत होता. शटर थोडं वर गेल्याचा आणि परत खाली आल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, बाई "ने बाबा" म्हणाली. त्याने ते नीट ऐकलंही नाही. आता एकदा एलईडी लागू दे. लागला की दिसेल. नाही दिसलं तरी 'दिसतं' म्हणता येईल, खुर्ची कुठे आहे ते ठाऊक आहे. ह्या दुसऱ्या विचाराने त्याला आधार वाटला आणि लगेच किळसही आली. पण त्याने तो विचार झटकला नाही. उद्या संध्याकाळी निघायचं होतं. उद्याच्या संध्याकाळचं चाक आपल्या हातात राहावं, एवढंच त्याला हवं होतं. चाक गेलं की उरतं काय? अड्ड्यावरच्या बाकावर बसणारे म्हातारे त्याने पाहिले होते. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी ते हाताने सलाम करून सोडायचे आणि कुणी बघायचंही नाही.

दिवे लागले. गोदाम पांढरंफेक झालं.

"वा!" वस्तादच्या तोंडून निघालं. जमिनीवरचा खडा न् खडा उठून आला होता. बंपरपुढची पंधरावीस पावलं तर दूध सांडल्यासारखी. "बघा जावईबापू! ह्याला म्हणतात उजेड!"

जावई पुढे वाकून बघत होता.

फ्यूजबाईचा आवाज घुमला. "वीसला सत्त्याण्णव!"

"ऐका!" वस्तादने जावयाच्या मांडीवर थाप मारली.

"चाळीसला सोळा!... साठला पाच!"

"किती?" जावयाने विचारलं.

"पाच! जुन्याचे नऊ होते!" आणि तिने तिथूनच समजावलं, "दिव्याची आतली चकचकीत वाटी बनवलीय तारेच्या बल्बासाठी! ह्या खवल्यांचा उजेड तिला नीट फेकता येत नाही! तो पायापाशी सांडतो आणि वर उडतो! समोरच्याचे डोळे दिपणार आणि तुम्हाला लांबचं कमी दिसणार! जवळ लख्ख असलं की माणसाला वाटतं सगळीकडे लख्ख आहे!"

वस्तादने आकडा ऐकला. पण तो इतका पुढे आला होता की मागे फिरायला वाट नव्हती. "आकडे सांगू नको मला! डोळ्याचं विचार!"

"बरं, डोळ्याचं! वीसला?"

"पोतं! घडीसकट दिसतंय!"

"चाळीस?"

"टायर! डावीकडे!"

"आणि साठला?"

पांढऱ्या उजेडापलीकडे काळ्या पडद्यासारखं काहीतरी होतं. वस्तादने डोळे बारीक केले, एक मिटून पाहिला, दुसरा मिटून पाहिला. पडदा हलेना. पण पडद्यामागे काय आहे ते त्याला माहीत होतं.

"खुर्ची!" तो ठणकावून म्हणाला. "उजवीकडे, पाठ इकडे केलेली. वर गोणपाट. जुन्याने दिसत नव्हती, आता स्पष्ट दिसतेय!"

गोदामात इंजिन तेवढं घरघरत होतं. वस्तादला वाटलं, बाई आकडा लिहीत असेल. मग त्याच्या ध्यानात आलं की शेजारी जावयाने मान वळवलीय. तो समोर बघत नव्हता, सासऱ्याकडे बघत होता.

"काय झालं?"

जावई हळू म्हणाला, "मामा, तिथे खुर्ची नाही."

"नाही कशी? मी स्वतः..."

आणि मग पडद्यामागून आवाज आला. आता तो सगळीकडून येत नव्हता. एकाच ठिकाणाहून येत होता, जिथे खुर्ची ठेवली होती बरोबर तिथून.

"वस्ताद, मी उभी आहे इथे. वॉचमन मघाशी खुर्ची घेऊन गेला, डबा खायला. म्हटलं मीच उभी राहते."

वस्तादने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी तर उभी होती.

"हात हलवतेय मी," बाई म्हणाली. ती आता ओरडत नव्हती. "दिसतोय का?"

त्याला काहीच दिसत नव्हतं. निळ्या डगल्यातली, धिप्पाड, हात हलवणारी एक बाई, जिला तो तीस वर्षं ओळखत होता, ती त्याच्या दिव्यांच्या उजेडात उभी होती, आणि तिच्या जागी त्याने खुर्ची सांगितली होती.

जावयाने हात लांबवून इंजिन बंद केलं. दिवे राहू दिले. हातातल्या आकड्यांच्या कागदाची घडी घालून त्याने तो खिशात ठेवला. मग म्हणाला, "आरसा नाक्यावर घासला नव्हता."

"नाही."

"मग?"

वस्तादने सांगितलं. सायकल, फळ्या, ओरडणं. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की जावयाला कान जवळ न्यावा लागला. "तो ओरडला म्हणून वाचला. मी पाहिलं म्हणून नाही."

"मी कुठे होतो?"

"मागे. झोपला होतात."

जावयाने केबिनमधल्या मागच्या फळीकडे पाहिलं. तिथे त्याची उशी होती, चादर होती, पोरीने काढलेलं एक चित्र चिकटपट्टीने लावलेलं होतं. त्याचं तोंड लाल झालं. वस्तादला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो दार उघडून खाली उतरला.

"कुठे निघालात?"

"तिकडच्या भिंतीपाशी. मी तिथून गाडीकडे चालत येतो. दिसलो की 'थांब' म्हणा. अंदाजाने नाही, मामा. दिसल्यावर." तो वाकला आणि त्याने बूट काढून बंपरपाशी ठेवले. "आणि कानाने नाही."

जावई उजेडात चालत गेला. वीस पावलांवर तो धूसर झाला आणि मग नव्हताच. फ्यूजबाई गाडीपाशी येऊन उभी राहिली. ती दिव्याच्या चौकटीला टेकली.

"निघालो," लांबून आवाज आला. मग काही नाही.

असा शांतपणा वस्तादने आयुष्यात ऐकला नव्हता. अनवाणी पायांचा आवाज येत नव्हता. कुठेतरी तिथे लेकीचा नवरा चालत होता, जवळ जवळ येत होता, आणि समोर नुसता तो काळा पडदा. मनात हिशोब आपोआप सुरू झाला. एवढी भिंत, एवढी पावलं, आता साधारण पन्नासावर असेल, आता पंचेचाळीस. आता 'थांब' म्हटलं तर कुणाला कळणार? जिभेवर शब्द येऊन थांबला होता. नुसतं तोंड उघडायचं होतं.

त्याने दात आवळले. तो सायकलवाला आठवला. त्याचं तोंड काही दिसलं नव्हतं, पण ओरडणं कानात होतं. वस्ताद बघत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आला असेल. अजून नाही. कुठे आहे हा? मध्येच थांबला का? की मलाच... अजून नाही. अजून नाही.

मग उजेडाच्या काठावर एक पाय दिसला. नुसता पाय, गुडघ्यापासून खाली. त्यावर हळूहळू शर्ट आला, मग तोंड.

"थांब!" वस्ताद किंचाळला. "थांबा! थांबा!"

फ्यूजबाईने बंपरपासून मोजलं. मोजायला फार वेळ लागला नाही. "सतरा," ती म्हणाली.

"जुन्या बल्बवर एकदा बघ," वस्ताद म्हणाला.

तिने जुने बल्ब परत बसवले. जावई परत भिंतीपाशी गेला आणि परत आला. ह्या वेळी वस्तादला हिशोब करायची इच्छासुद्धा झाली नाही. "एकवीस," बाई म्हणाली. आणि वस्तादच हसला, रडव्या तोंडाने. "चार पावलं जास्त. म्हातारा बरा निघाला की."

तो खाली उतरला. उतरताना पायरी चुकेल असं वाटून त्याने दार धरलं. इतकी वर्षं त्याने ते कधी धरलं नव्हतं. जावई बूट घालत होता, मान खाली घालून.

"मोतीबिंदू असेल," फ्यूजबाई म्हणाली. "माझ्या आईचा काढला ना. महिन्याभरात सुईत दोरा ओवायला लागली."

"असेल," वस्ताद म्हणाला. "नसला तर?"

"फ्यूज बघितला का?" असं ती सवयीने म्हणणार होती, ओठ हललेसुद्धा, पण तिने ते गिळलं.

"उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," जावई म्हणाला. "घरी मी..."

"घरी मी सांगेन. तुमच्या सासूला आणि माझ्या लेकीला. आरशाचंही मीच सांगेन. तुम्ही मध्ये पडू नका." लेकीचं तोंड कसं होईल ते वस्तादच्या डोळ्यांपुढे आलं. ते मात्र अगदी स्वच्छ दिसलं. ती ओरडणार नाही. ती आधी नवऱ्याकडे बघेल, तो आहे ना म्हणून. मग बापाकडे. ते दुसरं बघणं आपल्याला सोसेल का, हे त्याला सांगता येईना. "आणि उद्याची गाडी?"

"मालकाला सांगून परवा सकाळी काढू. दिवसा. अंधार पडायच्या आत मुक्कामाला लावेन."

"आणि पुढे? नेहमीच दिवसा कोण माल देतो?"

"पुढचं पुढे, मामा."

वस्तादने मान हलवली. मग त्याने चाकापाशी असलेलं दार उघडं धरलं. "बसा."

"कशाला?"

"आजपासून चाक तुमच्याकडे. मग दिवे कुणाच्या डोळ्यांनी ठरवायचे? माझ्या?" तो फ्यूजबाईकडे वळला. "ते पांढरे पुन्हा लाव ग. सगळं पहिल्यापासून. मीटर नको, ते झालंय. ह्यांना दोन्हीत काय दिसतं ते बघ."

"आणि साठावर काय ठेवू? खुर्ची तर गेली."

"मी उभा राहतो."

तो पावलं मोजत निघाला. पोत्याच्या बाजूने, टायरच्या बाजूने. पाठीमागे पाना वाजत होता. साठ झाल्यावर तो वळून उभा राहिला, दोन्ही हात बाजूला सोडून. दिवे लागले तेव्हा त्याचे डोळे असे दिपले की त्याने पंजा आडवा धरला. गाडी नव्हती, गोदाम नव्हतं, नुसते दोन पांढरे डोंब आणि त्यांच्याभोवती कापसाचे पुंजके. चौतीस वर्षांत तो दिव्यांच्या ह्या बाजूला कधी उभा राहिला नव्हता. पाय मागे सरकायला बघत होते. पलीकडे कोण बसलंय, त्याला आपण दिसतोय की नाही, हे इकडून कळायचा काहीच मार्ग नव्हता.

"जावईबापू!" त्याने हाक मारली. "दिसतोय का मी?"

उत्तर यायला क्षणभर वेळ लागला.

"अंधुक दिसताय, मामा! ह्या पांढऱ्यांत नुसता आकार दिसतोय! थांबा तिथेच, जुने लावून बघतो!"

"लावा," वस्ताद म्हणाला आणि पुन्हा झालेल्या अंधारात हलला नाही.